सलाईन धरणारीची जागा

१४ मार्च २००१, पिपरी मेघे. संध्याकाळ.

सुट्टीवर आलो तरी जहाज डोक्यातून जात नाही. सैन्य थेट किनाऱ्यावर उतरवणारं जहाज. रणगाडे कुठे राहतील, ट्रक कसे वळतील, सगळं आम्ही कागदावर बसवलं. जखमींना आतल्या दवाखान्याकडे न्यायचा बोळ मात्र मला सारखा टोचतोय. आराखडा काही घरी आणता येत नाही, म्हणून आज अंगणातच खडूने बोळाच्या भिंती म्हणून दोन रेघा मारल्या.

जखमी म्हणून बाबा. त्यांना बांबूच्या शिडीवर झोपवणार होतो, पण आई संतापली. मग बंद पडलेल्या दुकानाची फळी घेतली. पुढे मी, मागे भाऊजी. रेघांना पाय न लावता पार झालो. मी खूश.

ताई सेवाग्रामला नर्स आहे. ड्युटीवरून नुकतीच आलेली, पायरीवर बसून बघत होती. म्हणाली, "अन् सलाईन धरून मी कुठून चालू? मले जागाच नाई ठेवली तू."

तिने पाण्याची बाटली उंच धरली आणि आमच्या बाजूने चालून दाखवलं. पाय प्रत्येक वेळी रेघेबाहेर. म्हणजे ती भिंतीतून चालत होती.

इतके महिने स्ट्रेचर मोजतोय, सोबतचं माणूस मला कसं सुचलं नाही?

बाबा फळीवरूनच म्हणाले, "उठू का मी आता?"

जहाजावर बोळाशेजारची सामानाची खोली हातभर आत घेतली तर जमेल. जमेलच. खडूची रेघ सरकवून पाहिली, ताई आरामात चालली.

दिल्लीत साहेब विचारतील, हातभर जागा कशाला? सांगेन, तिथून माझी ताई चालणार आहे.