शॉक कुठे लावायचे

नंदिनी नगर,
९ मार्च १९९८

प्रिय शाम,

तुझं कार्ड मिळालं. चार ओळींत तू तब्येत, नोकरी आणि पुण्याची गर्दी उरकलीस, आणि जागा उरली म्हणून 'तू कशी आहेस' असंही विचारलंस. मी बरी आहे. चाळिशीची अविवाहित मास्तरीण जेवढी बरी असू शकते तेवढी. शेजारच्या तुळसाबाईंनी अजून हार मानलेली नाही. परवा त्यांनी आणलेलं स्थळ दुर्गला रेल्वेत पार्सल क्लार्क होतं, विधुर. गृहस्थांनी मला असं वरपासून खालपर्यंत पाहिलं की आता लेबल चिकटवून बिलासपूरला रवाना करतात की काय असं वाटलं. मी तसं बोलूनही दाखवलं. तुळसाबाई दोन दिवस बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी साखर मागायला आल्या.

बाकी गावात चुन्याचा हंगाम आहे. दिल्लीहून कोणी मोठे साहेब खाण पाहायला येणार आहेत, म्हणून अहिवाऱ्याच्या रस्त्यापर्यंतच्या प्रत्येक झाडाला कमरेइतका चुना आणि प्रत्येक दगडाला गेरू लागला आहे. आपल्या ओळीतला तो वाकडा खांब आठवतो? तो सरळ केला नाही, पण रंगवला. शाळेत आम्हीही मुलांची नखं तपासतो आहोत, जणू साहेब नखं मोजायलाच येणार. हसू नकोस. आपण या गावात वाढलो, आपल्या हाडात तोच चुना आहे. माझ्या तर जास्तच, आणि आज मला त्याचबद्दल लिहायचं आहे.

तुझी 'घोरपड' आठवते का, हे मी विचारणार नाही. तू ती विसरला असतास तर अकरा वर्षांत एकदा तरी घरी आला असतास. पॉवर हाऊस बाजारातल्या कबाड्याकडून तू ती मोडकी जपानी खेळणी-गाडी आणलीस, तेव्हा तिचा फक्त रिमोट जिवंत होता. मग सहा महिने आपल्या व्हरांड्यात पाय ठेवायला जागा नव्हती. टेपरेकॉर्डरच्या मोटारी, स्कूटरच्या ट्यूबचे पट्टे चढवलेली चाकं, आणि अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्या कापून केलेल्या त्या लिंका, म्हणजे चेसीपासून चाकांच्या अ‍ॅक्सलपर्यंत जाणारे दांडे. शॉक अ‍ॅब्सॉर्बर तू डिस्पेन्सरीतून मागून आणलेल्या सिरिंजांचे केलेस. आत एरंडेल, बाहेर स्प्रिंग. लहानपणी तुला पाजायला मला चमचा आणि चिमटा दोन्ही लागत, ते एरंडेल तू एकदाचं आनंदाने वापरताना पाहून मला भरून आलं होतं.

मला यंत्रातलं काही कळत नाही, पण त्या शॉकवरून घरात इतकं भांडण झालं की मी त्याची परीक्षा देऊ शकेन. वरचं टोक चेसीला, त्यावर कोणाचा वाद नव्हता. वाद खालच्या टोकाचा. प्रत्येक लिंकवर तू तीन होल पाडले होतेस. चेसीजवळच्या, आतल्या होलात शॉक लावला की स्प्रिंग नरम पडे, गाडी खाली बसे, पण एकेक चाक दगडाप्रमाणे हवं तेवढं वर-खाली होई. अ‍ॅक्सलजवळच्या, बाहेरच्या होलात लावला की गाडी ताठ उभी राही आणि चाकं जागची हलत नसत. बाबा खाणीतल्या डंपर दुरुस्तीच्या शॉपचे फोरमन, ते कसे गप्प बसतील? "लेका, शॉक म्हंजे का झोपाळा हाये? आतमंदी लावशीन तं वजन आलं का बसंन थे खाली. चाकापाशी लाव." तू म्हणालास, "बाबा, तुमच्या डंपरले माल वाहायचा असते, हिले दगड चढायचा हाये." झालं. "पस्तीस टनाच्या गाड्या उभ्या करून राहिलो मी, आन् हा मले शिकवते!" जेवताना वाटी, चमचा आणि भाकरीचा तुकडा मांडून दोघं एकमेकांना लिंका समजावत होतात. वरण निवत होतं. आई असती तर दोघांची ताटं उचलली असती. मी नुसती टोमणे मारत बसले. खरं सांगू, ते भांडण मला आवडायचं. आई गेल्यापासून या घरात कोणी एवढं बोललं नव्हतं.

त्यातूनच ती पैज निघाली. डिप्लोमा झाल्यावर तुला पुण्याला पुढे शिकायचं होतं, आणि बाबांनी स्टील प्लांटच्या अप्रेंटिसचा फॉर्म आणून देवापुढे ठेवला होता. खाणीच्या क्लबमधल्या प्रदर्शनात लाइमस्टोनच्या दगडांची चढण रचणार आहेत हे कळल्यावर बाबा म्हणाले, "चढली तं जा पुन्याले. नाई चढली तं गुपचाप फॉर्म भरजो." बाबांनी शब्द दिला म्हणजे तो शॉपच्या नोटीस बोर्डावर लागल्यासारखाच. तू आदल्या संध्याकाळी मागच्या अंगणातल्या दगडांवर घोरपड सात वेळा चढवलीस, सातही वेळा आतल्या होलावर. बाबा खिडकीतून पाहत होते. सातव्यांदा चढली तेव्हा त्यांनी मला हळूच विचारलं, "पुन्यात थंडी किती पडते व?" हे मी तुला कधी सांगितलं नाही. त्यांचा स्वेटर तुझ्या पेटीत कसा आला ते तूही कधी विचारलं नाहीस.

आणि दुसऱ्या दिवशी, सगळ्या साहेबलोकांसमोर, घोरपड तिसऱ्या दगडावर गेली, तिचं पुढचं चाक हवेत तरंगत राहिलं, आणि ती कलंडून पाठीवर पडली. कोणीतरी टाळ्या वाजवल्या. तू गाडी उचललीस, उलटी केलीस, आणि चारही बोल्ट बाहेरच्या होलांत पाहिलेस. बाबांकडे वळून तू एकच वाक्य बोललास, "मले जाऊ द्याचं नव्हतं, तं सरळ सांगाचं होतं." बाबांनी तोंड उघडलं नाही. तू फॉर्म भरला नाहीस, चौथ्या दिवशी दुर्गहून गाडी पकडलीस, आणि त्यानंतर त्यांच्याशी एक अक्षर बोलला नाहीस.

शाम, ते बोल्ट मी बदलले होते.

सकाळी तू अंघोळीला गेला होतास. गाडी व्हरांड्यात होती, रंगवून चकचकीत केलेली, पण पोट खाली टेकल्यासारखी, दमलेल्या म्हशीसारखी बसलेली. तुळसाबाई कुंपणावरून म्हणाल्या, "अवो नलूबाई, साहेबासमोर अशी बसकी गाडी ठेवता का?" आणि माझ्या हाडातला चुना जागा झाला. पाहुणे यायचे म्हणजे वस्तू ताठ दिसली पाहिजे, चालो न चालो. पाना शेजारीच होता, बाहेरचे होल रिकामे होते. पाच मिनिटांचं काम. गाडी कशी ऐटीत उभी राहिली! तुला सांगायचं होतं, पण तू भिजल्या केसांनीच ती उचलून निघालास, आणि मला वाटलं, एवढ्याने काय होतं. तुला जाऊ द्यायचं नव्हतं म्हणून केलं असतं, तर निदान तेवढा तरी मोठेपणा असता. ते नव्हतं. नुसती शोभा होती.

बाबांनी मला पाना हातात घेताना पाहिलं होतं. त्यांना वाटलं, तूच सांगितलं असशील, शेवटी बापाचं ऐकलंस म्हणून ते मनातून खूशही झाले होते. क्लबमध्ये तू त्यांच्याकडे वळलास तेव्हा त्यांना सगळं कळलं. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, आणि मी खाली पाहिलं. तू गेल्यावर मी तुला खरं लिहायला बसले, तर त्यांनी कागद काढून घेतला. "आता सांगून का होते? त्याचा राग माह्यावर हाये, तोवर थो तुले चिठ्ठी लिहिते. तुह्यावर आला, तं या घरात लिहाले कोन राहिलं?" मी ऐकलं. मला ते सोयीचं होतं म्हणून ऐकलं. तुझं कार्ड आलं की मी मोठ्याने वाचते, बाबा पेपर वाचण्याचं नाटक करतात. त्यात त्यांचं नाव कधीच नसतं. अकरा वर्षं त्या पेपराचं पान उलटलेलं मी पाहिलेलं नाही.

एकतीस तारखेला बाबा रिटायर होत आहेत. शॉपमध्ये हार घालतील, गुलाल उधळतील, सजवलेल्या जीपमधून घरी आणतील. घरची किती माणसं येणार असा कागद आला होता. मी 'एक' लिहून टेबलावर ठेवला. संध्याकाळी पाहिलं तर 'एक' खोडून त्यांनी 'दोन' केलं होतं. विचारलं तर म्हणाले, "खुर्ची रिकामी राहिली तं राहू दे, कमी नाई पडाले पायजे." म्हणून हे पत्र. मला पुढे एक ओळ लिहिली नाहीस तरी मी काही म्हणणार नाही, तो राग आता योग्य घरी पोचला आहे. पण त्यांना लिही. जमलं तर लिहू नकोस, ये. क्वार्टर सोडायला महिनाभर मिळेल, त्यानंतर कुठे, ते ठरलेलं नाही. तोवर पत्ता हाच आहे.

तू म्हणशील तोवर तुझीच,
नलूताई