तिसरा बोल्ट

३ मे, रवि.
करंदीकरसाहेबांची गाडी आली. पिवळी, दोन दरवाज्यांची, मागे जेमतेम एक पोर मावेल. जनाबियात व्हिला, बँकेत मोठी नोकरी, पन्नाशीला टेकले तरी गाडीच्या आवाजाची हौस. गेल्या वर्षी मीच कॅट, म्हणजे धूर गाळणारा डबा, काढून रिकामा पाइप घातला होता. आता पासिंग आलं. कॅटशिवाय धुराच्या टेस्टला उभं केलं तर दारातूनच परत.
फळीवरचा कॅटचा जोड काढला. बाजारातला आहे, कंपनीचा नव्हे, पण धूर साफ करतो. गॅरेजची निम्मी गिऱ्हाइकं या एकाच जोडावर पास होतात. आज लावायचा, टेस्ट झाली की काढून पुढच्याला.
उजवीकडच्या सांध्याचा तिसरा बोल्ट तुटला. ड्रिल करून काढायचा तर दोन तास गेले असते. सांध्यातून धूर गळू नये म्हणून बसवायचं गॅस्केटही जुनंच. बशीर फोरमन म्हणाला, "अन्वर, दो बोल्ट काफी है. कल निकालना ही है. यल्ला, जल्दी कर."
दोन मारले. नेहमी असंच करतो.

४ मे, सोम.
पास. साहेब खूश. संध्याकाळी गाडी आणतो म्हणाले आणि दुबईला निघून गेले, गुरुवारी येणार. जोड त्यांच्याच गाडीत. दुसरं गिऱ्हाईक खोळंबलंय, बशीर माझ्यावर तापला.

६ मे, बुध.
करंदीकरवहिनींचा फोन. त्या चिपळूणच्या, मी दापोलीचा, म्हणून मला माहेरचा माणूस म्हणतात. त्यांची स्वतःची गाडी बंद पडलीय. मुलीला, ईराला, शाळेतून आणायला पिवळी नेतात.
"अन्वरभाई, गाडी फटफट करतेय हो. आणि घरी आले की डोकं ठणकतं."
मागून ईरा, "मॉम, टेल हिम इट स्टिंक्स."
म्हटलं, शनिवारी आणा, गाडी उचलायची लिफ्ट रिकामी नाही.
लिफ्ट रिकामी होती. बशीर जेवायला गेलेला, मी पंख्याखाली आडवा. उन्हात उठायचा कंटाळा, दुसरं काही नाही. फटफट म्हणजे सांधा धूर गळतोय, हे मला कळत नाही का? कळलं होतं.

७ मे, गुरु.
साहेबांचा एअरपोर्टवरून फोन. वहिनी शाळेबाहेर गाडीत बेशुद्ध सापडल्या. काचा बंद, एसी चालू, पाऊण तास पोरीची वाट बघत होत्या. ईरा बाहेर येऊन काच वाजवत राहिली. वॉचमनने दार उघडलं.
जिवंत आहेत. हॉस्पिटलमध्ये.
हात धुतले. परत धुतले. 

८ मे, शुक्र.
नमाजात किती रकात झाल्या, आठवेना.
मग गाडी आणायला जनाबियाला गेलो. साहेब म्हणाले, डॉक्टरांना कुठल्यातरी गॅसचा संशय आहे. घरी आली की डोकं ठणकायचं, म्हणजे घरातच असणार. मंगळवारी एसीवाला येऊन गेला होता, त्यानेच काहीतरी घोळ घातला. त्याच्या कंपनीला कळवलं, त्यांनी लगेच काढला त्याला.
मी तिथेच बोलायला हवं होतं. "गाडीची चावी द्या, पासिंगचं थोडं काम राहिलंय," एवढंच बोललो.
गेटबाहेर एसीवाला उभा होता. नुरुल नाव. साहेबांचे पाय धरायला आलेला. मला म्हणाला, "भाई, मैंने सिर्फ फिल्टर धोया. गैस को हाथ भी नहीं लगाया. आप साहब को बोलो ना, आपकी सुनते हैं."
इंशाल्ला म्हणालो. लाज वाटते लिहायला.

९ मे, शनि.
लिफ्टवर घेतली. तिसऱ्या भोकाभोवती काजळी, वर थेट गाडीच्या फ्लोअरपर्यंत, तिथूनच धूर आत जात होता. उरलेले दोन बोल्ट हाताने फिरत होते. तुटलेला ड्रिल करून काढला. नवं गॅस्केट, तिन्ही बोल्ट. घड्याळ लावलं होतं. चाळीस मिनिटं. दोन तास कसले!
बशीर जवळ आला, काजळी बघितली, त्याचाही चेहरा उतरला. "खलास, अन्वर. मुँह बंद रख. तेरा वीज़ा, मेरा वीज़ा, दोनों जाएगा."
जुनं गॅस्केट त्याने कचऱ्यात टाकलं. मी उचलून आणलं. कशाला, ते माहीत नाही.

११ मे, सोम.
वहिनी घरी आल्या. स्वतः फोन केला. आवाज खोल गेलाय. मधेच शब्द आठवत नव्हता, "ते हे... आपलं ते..." करत थांबल्या. 'चावी' म्हणायचं होतं.
"गाडी छान केलीत. ईरा म्हणते, आता वास नाही. माहेरच्या माणसाच्या हातात दिली की घोर नसतो."
मग म्हणाल्या, "हे त्या एसीवाल्यावर केस करणार होते. मी म्हटलं, जाऊ दे, गरीब आहे. कंपनी त्याला गावी पाठवतेय, तेवढं पुरे."
मी हुं हुं करत राहिलो.

१२ मे, मंगळ.
बायकोला फोनवर सगळं सांगितलं. ती म्हणाली, "सांगून टाका." मी विचारलं, आणि पोरांची शाळा? तिने फोन धाकट्याच्या हातात दिला.

१३ मे, बुध.
दुपारी केलाच फोन. गॅस्केट समोर ठेवलं होतं.
"वहिनी, थोडं बोलायचं होतं. समोरासमोर."
"अहो मग शुक्रवारी जेवायलाच या ना! हेही असतील घरी."
हो म्हटलं. येतो शुक्रवारी.
नुरुलचं विमान उद्या संध्याकाळी आहे.