अकरा रेघांचं पुणे

मंगळवार, ७ जानेवारी

भित्तिचित्र स्पर्धेत पहिला नंबर! उड्डाणपुलाखालच्या भिंतीवर माझं चित्र रंगवणार आहेत. आईने शेजारीपाजारी पेढे वाटले. मला एकही खाववला नाही.

इथे तरी खरं लिहू. चित्र शरच्चंद्र सरांचं आहे. शाळेत आम्हाला चित्रकला शिकवायचे ते. मी दिवाळीत भेटायला गेले तेव्हा त्यांनी जुनी गुंडाळी उलगडून दाखवली — १९७१ साली कल्पनेने काढलेलं सन दोन हजारचं पुणे. मंडईच्या मनोऱ्यावर विमान उतरवायची गच्ची, पर्वतीवर काचेचे घुमट, मधून नळीतली आगगाडी. हजारभर तरी रेघा असतील. सरांच्या पत्नी सुनीतीकाकू चहा टाकायला आत गेल्या, सर चष्मा शोधायला. मी मोबाइलवर फोटो काढला.

घरी येऊन त्या फोटोतली एकेक गोष्ट पुसत गेले. अकरा रेघा उरल्या. परीक्षक म्हणाले, "काय संयम आहे!" संयम कसला. सगळ्यात आधी मी कोपऱ्यातली सरांची सही पुसली होती.

गुरुवार, ९ जानेवारी

सरांना फोन करणार होते. केला नाही.

शनिवार, १ फेब्रुवारी

सर भिंत बघायला आले. रिक्षाने, काकूंचा हात धरून. बराच वेळ बघत राहिले. मग — "आगगाडी गाळलीस ते बरं केलंस. मला तेव्हा मोह आवरला नव्हता." एवढंच. आवाजात राग नाही, काही नाही.

स्पर्धा भरवणारा केयूर चार पावलांवर उभा होता. तिथल्या तिथे सांगता आलं असतं. मी सरांना विचारलं, उसाचा रस घेणार का! लाज वाटते. स्वतःचं तोंड बघवत नाही.

सोमवार, ३ फेब्रुवारी

केयूरला मेल लिहिली. 'प्रेरणा' हा शब्द तीनदा आला. शी. पाठवली नाही.

रविवार, १६ फेब्रुवारी

काकूंचा फोन. निवृत्त कलाशिक्षकांच्या प्रदर्शनात सरांनी ते मूळ चित्र लावलं होतं. केयूर तिथे आला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "काका, हे नीरजाच्या भिंतीवरून उचललंय. कागद जुना घेतला म्हणून चित्र जुनं होत नाही."

"मग सर काय म्हणाले?"

"हो म्हणाले. तिचं बघूनच काढलं, म्हणाले. चित्र उतरवून घरी घेऊन आलेत."