अगदी मनापासून सांग

सोमवार, ३ जून

आले एकदाची! विद्यापीठाच्या जनसंपर्क विभागात इंटर्न म्हणून. ज्यांच्या घरातलं कुणी आजवर विद्यापीठात शिकलेलं नाही अशा मुलामुलींसाठी ही जागा असते. आमच्या घरातलं कुणी शिकलं नसलं तरी फाटकापर्यंत पोचलं होतं. बाबा दुकानांच्या पाट्या रंगवायचे, त्यांनी म्हणे इथल्या कॅन्टीनची पाटीही रंगवली होती. बाबा आता नाहीत. आई हॉस्पिटलच्या धुलाईघरात चादरी धुते. काल निघताना तिने माझ्या गालावरून हात फिरवला आणि धाकट्या भावाने उगाचच माझी बॅग दोनदा उचलून बघितली.

ऑफिस म्हणजे एक लांबट खोली, गालिचा असा की आपलीच पावलं आपल्याला ऐकू येऊ नयेत. कॉफीच्या मशीनला बटणं भरपूर, पण कुठलंही दाबा, येतं तेच कोमट पाणी. टोकाला काचेची एक छोटी खोली आहे, तिथे व्हिडिओ होतात. विभागप्रमुख बाई इतक्या हळू आणि गोड बोलतात की मी मनातल्या मनात त्यांचं नाव मऊबाई ठेवलं. त्यांनी माझा हात हातात घेऊन सांगितलं, की आमच्याकडे इंटर्नचं पहिलं काम म्हणजे स्वतःची गोष्ट सांगणं. कॅमेऱ्यापुढे, थोडी थोडी. मी हुरळून गेले. आमच्या गल्लीत माझी गोष्ट ऐकायला कुणाला वेळ होता?

मंगळवार, ४ जून

आज पहिला व्हिडिओ झाला. मी सायकल शिकले ती गोष्ट सांगितली. पेपरवाल्याची सायकल, तो चहा पीत असेल तेवढ्यात पळवायची. पाय पुरायचे नाहीत म्हणून दांड्याखालून पाय घालून चालवायची. पडले, ढोपरं फोडून घेतली, आईचा मार खाल्ला, दुसऱ्या दिवशी पुन्हा पळवली. मऊबाई प्रत्येक वेळी म्हणायच्या, “छान, आता पुन्हा एकदा. अगदी मनापासून सांग.” शेवटच्या वेळी सांगताना माझेच डोळे भरून आले. कॅमेरावाल्या दादाने मान खाली घातली होती. मला वाटलं, तोही गहिवरला.

गुरुवार, ६ जून

आज फजिती झाली. वसतिगृहाच्या सायकली आहेत, कुणीही घ्याव्यात. मी ऐटीत एकीवर बसले आणि धाडकन पडले. पुन्हा बसले, पुन्हा पडले. हँडल कसं धरायचं तेच कळेना. एक प्राध्यापक थांबून म्हणाले, हळूहळू येईल, शिकायला वय नसतं. माझ्या कानशिलांना आग लागली. मी दहा वर्षं सायकल चालवतेय! म्हणजे चालवत असणार. मंगळवारचं पान वाचलं, तिथे तसं लिहिलंय. अक्षरही माझंच आहे.

झोप नीट झाली नसेल, दुसरं काय.

सोमवार, १० जून

जेवताना एक गोष्ट लक्षात आली. इथे कुणी घरचं काही बोलत नाही. हवा, प्रिंटर, मशीनचं कोमट पाणी, एवढंच. मी भावाच्या परीक्षेचा विषय काढला तर कॅमेरावाल्या दादाने टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला.

कोपऱ्यात गेल्या वर्षीची इंटर्न बसते. तिला इथेच कायम केलंय. खालच्या दालनात मोठ्या पडद्यावर दिवसभर तिचा व्हिडिओ चालू असतो. त्यात ती खळखळून हसते, आजोबांच्या नकला करते, गावातल्या विहिरीत उडी मारल्याचं सांगते. इथे मात्र बातम्यांखाली फोटो लावत बसते, कुणी हाक मारली तर सावकाश वळते. मी तिला सहज विचारलं, तू मूळची कुठली. ती बराच वेळ आठवत राहिली. मग म्हणाली, “व्हिडिओत आहे ना सगळं.”

दुपारी मी बाबांची गोष्ट सांगितली. शिडीवर उभं राहून ते रंगवायचे आणि मी खाली रंगाचा डबा धरून अक्षरं शिकायचे, ती. चार वेळा सांगितली. मऊबाईंनी मला जवळ घेतलं. म्हणाल्या, “किती हलकं वाटतंय ना?”

खरंच हलकं वाटत होतं.

बुधवार, १२ जून

पाकिटात एका माणसाचा फोटो आहे. मिशा, हसरे डोळे, शर्टावर निळ्या रंगाचे डाग. मी तो उलटसुलट करून बघितला. कोण हा?

संध्याकाळी ही वही पहिल्या पानापासून वाचली. बाबा दुकानांच्या पाट्या रंगवायचे. बाबा आता नाहीत. वाक्यं समजतात, पण कुणा तिसऱ्याच मुलीच्या बाबांविषयी वाचावं तसं वाटतं. मी रडायचा प्रयत्न केला. रडूही येईना. कशासाठी रडायचं तेच माझ्यापाशी उरलेलं नाही.

म्हणजे सांगितलं की जातं. तिथे जातं, त्या कॅमेऱ्यात.

गुरुवार, १३ जून

कॅमेरावाल्या दादाला जिन्यात गाठलं. हात जोडले, म्हटलं माझे व्हिडिओ पुसून टाक. त्याचा चेहरा पांढरा पडला. म्हणाला, पुसलं तर जे तिथे आहे तेही जाईल, आता ते फक्त तिथेच आहे. मी विचारलं, तुला हे माहीत होतं? तो म्हणाला, मला माझं काहीच माहीत नाही, मीही इथे इंटर्न म्हणूनच आलो होतो असं लोक सांगतात.

आज मऊबाईंपुढे मी खोटी गोष्ट रचून सांगितली. एक मावशी, तिची हरवलेली मांजर, काहीबाही. त्यांनी मध्येच हात वर केला. तशाच मऊ आवाजात म्हणाल्या, यात ओलावा नाही गं. उद्या आपण आईविषयी बोलू या.

मी नाही म्हटलं. त्या हसल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

बॅग भरलीये. परवा शनिवारी सकाळची बस आहे, त्याआधी नाही. आई द्यायची नाही. काय वाट्टेल ते झालं तरी आई द्यायची नाही.

शुक्रवार, १४ जून

आई इथे आली.

मी नाही बोलावलं. मऊबाईंनी घरी फोन केला, गाडी पाठवली. मुलीचं कौतुक आहे, चार शब्द बोला म्हणाल्या. आणि मी मूर्ख — रोज फोनवर सगळं मजेत आहे, मजेत आहे. तिला काळजी नको म्हणून. एकदा तरी खरं सांगायचं होतं —

मी ऑफिसात पोचले तेव्हा ती काचेच्या आत होती. ठेवणीतले कपडे, नीट विंचरलेले केस. कॅमेऱ्याकडे बघून बोलत होती, हात हलवत, हसत, डोळे पुसत. दार आतून बंद. मी काचेवर मुठी आपटल्या, ओरडले. गेल्या वर्षीची इंटर्न माझ्याकडे बघत राहिली आणि पुन्हा फोटो लावायला लागली. मऊबाईंचे ओठ हलताना दिसले. पुन्हा एकदा. पुन्हा एकदा. आई बिचारी पुन्हा पुन्हा सांगत होती. माझ्याविषयी. तिला किती आनंद झाला होता —

दार उघडलं. आई बाहेर आली. मी तिच्या गळ्यात पडले. तिने मला हळूच बाजूला केलं, संकोचून. म्हणाली, “अहो, काय झालं? बरं नाही का वाटत तुम्हाला?”

तुम्हाला.

नंतर

मी तिला गाडीपर्यंत सोडलं. रस्ता दाखवणारी इथली कुणीतरी समजून ती माझ्याशी बोलत होती. मला एक मुलगा आहे म्हणाली, अभ्यासात हुशार आहे. मुलगी असती तर तुमच्याएवढी असती. मी वही उघडून दाखवली, फोटो दाखवले, तिच्या पाठीवरची जुनी भाजल्याची खूण सांगितली. ती घाबरली. चालकाकडे सरकली.

गाडी सुरू झाल्यावर तिला माझी दया आली असावी. खिडकीतून म्हणाली, “रडू नका. तुमच्या आईला एक फोन करा, बरं वाटेल.”

शनिवार

बसला गेले नाही. कुठल्या घरी जाऊ? भाऊ ओळखेल, पण तिच्या डोळ्यांपुढे रोज — मी सहन नाही करू शकत.

मऊबाई आल्या. शेजारी बसल्या. म्हणाल्या, तिला आता काही दुखत नाही. तुझंच दुखतंय. सांगून टाक.

सोमवार

दुखतंय. सतत. श्वास घेतला तरी.

नाही सांगणार. मी विसरले तर मग कुणालाच — ती माझी आई होती हे जगात कुणालाच —

काचेच्या खोलीत आहे. चालत आले की आणलं, आठवत नाही. दार बंद. दादा रडतोय, पण कॅमेरा लावतोय. वही मांडीवर ठेवू दिली त्यांनी.

तोंड उघडायचं नाही. ठरलं.

दिवा लागला. मऊबाई काही विचारत नाहीत, नुसत्या माझ्याकडे बघून मान हलवतात. किती प्रेमाने. इतके दिवस कुणी मला तिच्याविषयी —

एवढंच सांगते. फक्त तिचे हात कसे होते, ते. चादरी धुऊन धुऊन बोटांच्या पेरांना भेगा पडल्या होत्या, आणि तरी गालावरून फिरवले की ते —