मागच्या दाराच्या कुलपाविषयी

मी, विद्यापीठाच्या रसायनशास्त्र प्रयोगशाळेचा निवृत्त परिचर, वय एकाहत्तर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि पूर्ण शुद्धीत लिहीत आहे. कोणाचे दडपण नाही. गुडघे गेले, फुप्फुसे जाण्याच्या बेतात आहेत; डोके मात्र जागेवर आहे, तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे.

१. राहते घर, म्हणजे दोन खोल्या आणि गच्चीचा जिना, मुलीला. बँकेत जे निघेल तेही तिलाच. जावयांना माझी सायकल. दहा वर्षे तिला खटारा म्हणून नावे ठेवली, आता चालवून बघावी.

२. काच वाकवायचा बर्नर, कानशी आणि नळ्यांची पेटी माझ्या जागेवर लागलेल्या मुलीला द्यावी. तिचा हात चांगला आहे. पेटी आपटू नये.

३. सन्मानचिन्हे, नग एकवीस. प्रयोगशाळेच्या आगीत सात विद्यार्थी गेले, त्या तारखेला विद्यापीठ दरवर्षी स्मृतिदिन पाळते. घंटा होते, दोन मिनिटे सगळे उभे राहतात, कुलसचिव सात नावे वाचतात आणि एक तरी चुकीचे वाचतात. कुलगुरू सहा बदलले, भाषण तेच. फलकही तोच, वर्षाच्या आकड्यावर नवा कागद चिकटवतात. पहिल्या वर्षी मैदान भरले होते, आता पाच रांगांपेक्षा जास्त खुर्च्या मांडतच नाहीत. मग मला मंचावर बोलावतात, कारण मी मागचे दार उघडून चौघांना बाहेर ओढले. टाळ्या होतात. ती चिन्हे भंगारात द्यावीत. मुलीने एकही भिंतीवर ठेवू नये.

४. याच प्रसंगाबाबत मी चौकशीत खोटे बोललो. कुलूप गंजून अडकले होते, असे मी सांगितले. कुलूप धड होते. दर महिन्याला मीच त्यात तेल घालत असे. हजेरी झाली की मुले मागच्या दाराने सटकत, म्हणून विभागप्रमुख सरांच्या हुकमावरून मी हजेरीनंतर ते दार लावत असे. त्या दिवशीही लावले, किल्ली खिशात घातली आणि चहाला गेलो. धूर दिसल्यावर धावत आलो, त्यात चार मिनिटे गेली. सातही जण त्या दाराशीच सापडले. सर म्हणाले, "अडकलं होतं एवढंच म्हण. बाकीचं मी बघतो." आणि मी तोंडात मिठाची गुळणी धरून बसलो. सर झोपेत, सुखाने गेले. मी त्यांना माफ केलेले नाही.

५. कलम चार माझ्या पश्चात येणाऱ्या पहिल्या स्मृतिदिनी, नावे वाचून झाल्यावर, मंचावरून वाचावे. विद्यापीठ नाही म्हणाले तर मुलीने फाटकाशी उभे राहून वाचावे. पण त्याआधी तिने एका बाईंना घरी जाऊन हे सांगावे. त्यांची मुलगी त्या सातांतली, तिसऱ्या बाकावर बसायची. स्मृतिदिनाला त्या माझ्या शेजारची खुर्ची धरतात, मला भाऊ म्हणतात. "भाऊ, तुम्ही होतात म्हणून चार तरी घरी गेली." दरवर्षी हेच वाक्य. माझी बायको आजारी होती तेव्हा तीन महिने त्यांनी डबा पोचवला आणि मी तो खाल्ला. एकवीस वर्षांत त्यांना सांगायची माझी छाती झाली नाही. माझी मला लाज वाटते. मी गेल्यावर त्यांनी मला काय हव्या त्या शिव्या द्याव्यात.

पुरवणी. साक्षीला शेजारचे शिंपी आणि समोरचे पेपरवाले येणार होते. पेपरवाले आले नाहीत. तेवढ्यात त्या बाईच कार्यक्रमाची पत्रिका घेऊन आल्या. शिंपी भाबडेपणाने म्हणाले, "बरं झालं आलात, ताई. नुसती सही करायची आहे, वाचायची काही गरज नाही." मला बाईंना अडवता आले असते. मी अडवले नाही.

त्यांनी सगळे वाचले. चष्मा पुसून कलम चार पुन्हा वाचले.

"सरांचा हुकूम होता?"

मी हो म्हणालो.

"दार लाव, असं त्यांनी सांगितलं होतं तुम्हाला?"

"नाही. शक्कल माझीच. सर नुसते शाब्बास म्हणाले होते."

सबब कलम चारमधील 'विभागप्रमुख सरांच्या हुकमावरून' हे शब्द मी त्यांच्यासमोर खोडले आहेत आणि बाजूला सही केली आहे.

शिंप्यांनी त्यांना पाणी आणून दिले. ते त्यांनी घेतले नाही. मग म्हणाल्या, "मेल्यावर कशाला? सहा दिवसांनी कार्यक्रम आहेच की. तुमच्या तोंडून ऐकायचंय मला. मी पहिल्या रांगेत बसते."

भाऊ म्हणाल्या नाहीत. पेन मागितले आणि सही केली.

म्हणून कलम पाच रद्द समजावे. मी स्वतः वाचणार आहे. बाकीची कलमे कायम.

ठिकाण: राहत्या घरातील स्वयंपाकघराचे टेबल
दिनांक: बाविसाव्या स्मृतिदिनाला सहा दिवस असताना, सकाळी

लिहून देणार: परिचर (सही)

साक्षीदार:
१. शेजारचे शिंपी (सही)
२. तिसऱ्या बाकावरच्या मुलीची आई (सही; सर्व मजकूर वाचून)