सरळराव

सोमवार
नव्या घरी आलो. म्हणजे आणला गेलो. हमालांनी आधी कपाट आणलं, मग मला. कपाटाला जास्त जपलं. तळमजला, एकही पायरी नाही, खिडकीसमोर शिंप्याचं दुकान. मणक्यांनी संप पुकारल्यापासून हा बातमीदार शवासनात पारंगत झाला आहे. सौ. म्हणाली, आता तरी माझं ऐका आणि गप पडून राहा. लग्नानंतर प्रथमच दोन्ही आज्ञा एकदम पाळतो आहे.

मंगळवार
माझ्या पाठीचा साचा घेऊन गेलेला कारागीर आज कडक प्लास्टिकचं जाकीट घेऊन आला. छातीपासून कमरेपर्यंत हुबेहूब मीच, फक्त सरळ. त्याने बजावलं: अंगातून काढलं की आडवं ठेवा, उभं नको. आम्ही सुशिक्षित, जेवणाच्या टेबलापाशी माझ्याच खुर्चीत उभं ठेवलं. सौ.ने वर माझा इस्त्रीचा शर्ट चढवला. मी पलंगावरून हात जोडून यथाविधि आवाहन केलं: इहागच्छ, इह तिष्ठ. ये बाबा, इथे राहा. नाव ठेवलं सरळराव. सौ. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. कितीतरी दिवसांनी.

गुरुवार
जाकीट घालून दारापर्यंत चालून आलो. व्यायाम शिकवणाऱ्या बाई खूश. दुपारी मी आडवा, सरळराव खुर्चीत. सौ. मटार सोलता सोलता त्याला बहिणीशी झालेलं भांडण सांगत होती. मला सांगितलं नव्हतं. विचारलं तर म्हणाली, तो निदान मध्येच कण्हत नाही. षड्रिपूंत मत्सराचा नंबर शेवटचा. माझ्याकडे तो रांग मोडून आला.

शनिवार
शर्टाच्या बाह्या भरलेल्या दिसतात. सौ. म्हणते, लोंबत होत्या, कापूस कोंबला. मेव्हणी येऊन गेली. भावोजी, काय ताठ बसलात हो, असं म्हणाली. खुर्चीकडे बघून. माझ्या खोलीत डोकावलीसुद्धा नाही. थट्टाच असणार. आमच्या घरात ती साथ मीच आणली.

रविवार
चालायचं होतं, जाकीट मागितलं. सौ. दबक्या आवाजात म्हणाली, थांबा जरा, ते जेवताहेत.
ते.
मला अजून ताट आलेलं नाही. तिने केसांत फूल माळलंय.

सोमवार
विसर्जन केलं. भीतीने घाईत मंत्र म्हटला, आणि सवयीने शेपूटही म्हणून बसलो: पुनरागमनाय च. जा, पण परत येण्यासाठी —
खुर्ची सरकली. पावलं दारापर्यंत गेली. ठाम, सरळ. मग बाहेरून कडी वाजली. आले वाटतं, म्हणत सौ. धावली. माझ्यासाठी अशी कधी —

मंगळवार
पाठ दुखत नाही. मुळीच नाही. पोटावर टिचकी मारली तर टक् असा आवाज —

बुधवार
बोटं तेवढी हलतात. दोघं दारात उभी आहेत. तो माझ्या आवाजात तिला कारागिराची सूचना सांगतोय. आडवं ठेवायचं. कपाटावर जागा केली आहे. मी हाक मारली, तिने वळून बघितलं नाही. उचलतेय मला. एका हाताने. हसत त्याला म्हणतेय, अहो, किती हलकं झा—