परीक्षेच्या खोलीत आलेली बाई

प्रिय प्रफुल,

फोन असताना हे कागदाचं काय खूळ, असं तुला वाटेल. फोनवर तू 'बरं, पुढे?' म्हणत राहतोस, मी पुढे पुढे जाते आणि मधलं सगळं राहून जातं. या वेळी मला मधलंच सांगायचं आहे. शिवाय डोक्याचा असा काही गुंता झालाय की लिहून काढल्याशिवाय माझं मलाच कळायचं नाही. अक्षराला हसू नकोस, हात आता फक्त कीबोर्डच्याच सवयीचा राहिलाय.

आधी इकडचं सांगते. तेंदूपत्त्याची तोडणी सुरू झाल्यामुळे निम्मा मोहल्ला पहाटेच जंगलात जातो. वाघाच्या भीतीने बाया घोळक्याने जातात आणि इतक्या मोठ्याने गप्पा मारतात की वाघच दुसरीकडे जात असेल. बाबांचा गुडघा अजून तसाच आहे, पण तलावावर जायचं म्हटलं की दुखणं विसरतात. आई विचारत होती, पुण्यात नदीचे मासे मिळतात का. मी म्हटलं मला काय ठाऊक, तर म्हणाली, रोज तासभर बोलता, मग बोलता तरी काय? आता तिला काय सांगू. आपण बोलतो ते ढगांविषयी, आणि त्या ढगातून कधी थेंबही पडत नाही.

खरं सांगू, ते सगळं मला अजून नीट कळलेलं नाही. आपला पसारा दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर ठेवायचा आणि त्याला क्लाउड म्हणायचं, इथवर ठीक आहे. पण मग सबनेट आलं, ते पब्लिक आणि प्रायव्हेट असं दोन प्रकारचं निघालं. फायरवॉल समजली असं वाटलं तर सिक्युरिटी ग्रुप आला, आणि दोघांत फरक काय हे मी तुला इतक्यांदा विचारलं की शेवटी तू नुसता हसायचास. सगळ्यात जास्त घोळ झाला तो ऑथेंटिकेशन आणि ऑथोरायझेशनचा. तू आपल्या तलावावरून समजावलंस. हा बाबुलालच, दुसरा कोणी नाही, हे पटलं की ऑथेंटिकेशन. आणि बाबुलालला आज जाळं टाकायची मोकळीक आहे की नाही, हे आपल्या मच्छीमार सोसायटीने ठरवलं की ऑथोरायझेशन. बाबांचं नाव घेतल्यामुळे ते त्या दिवशी पक्कं कळलं. दुसऱ्या दिवशी सराव परीक्षेत मी नेमकं उलटं लिहिलं.

झिरो ट्रस्ट मात्र एकदम लक्षात राहिलं, कारण त्याची मला भीतीच वाटली. आतल्या माणसावरही विश्वास ठेवायचा नाही, दर वेळी नव्याने ओळख विचारायची. आपल्या मोहल्ल्यात कोणी असं करून पाहावं. चुलीपर्यंत आलेल्या बाईला 'तू कोण' विचारलं तर ती पुढच्या पिढीपर्यंत बोलायची नाही.

आणि आपले पाठ व्हायचे तेही सगळ्यांच्या देखतच. रेंज फक्त दारापुढच्या छपरीत येते, म्हणून लॅपटॉप तिथे, आणि तुझा आवाज अर्ध्या मोहल्ल्याला ऐकू जायचा. लॅपटॉपमधून पुरुषाचा आवाज आला म्हणजे तो प्रफुल, एवढं आता शेंबड्या पोरांनाही ठाऊक आहे. येता-जाता कोणीतरी डोकावायचं, हालहवाल विचारायचं. तू म्हणायचास, 'नंतर बोलतो, आधी हा पाठ संपवू.' पाठ संपला की तुझी मीटिंग असायची. मला त्याचं तेव्हा काही वाटलं नाही. मला ती क्लाउडची परीक्षा पास व्हायचं होतं. ते प्रमाणपत्र हातात आलं की पावसाळ्यानंतर तुमच्या कंपनीच्या भरतीत माझं नाव द्यायचं, नोकरी लागली की दोन्ही घरी सांगायचं, हे आपलं ठरलेलं. एवढ्या एका गोष्टीसाठी मी ते सगळे न कळणारे शब्द पाठ करत होते.

परीक्षा घरूनच द्यायची आणि खोलीत चिटपाखरू नको, असा नियम कळला तेव्हा मी डोकं चालवलं. आपल्याकडे दिवसा घर रिकामं मिळणार कधी? तर ज्या दिवशी सोसायटी तलावातले मासे पकडते त्या दिवशी. सगळा मोहल्ला तलावाच्या पाळीवर, बांधावर गोळा, घरात शुकशुकाट. तीच तारीख मी घेतली आणि स्वतःवर भारी खूश झाले. बाबांचा मोबाइल छपराच्या कवेलूंच्या फटीत ठेवून आतल्या खोलीत नेट आणलं, भिंतीवरचं कॅलेंडरसुद्धा काढलं.

एक गोष्ट तेवढी माझ्या डोक्यातून साफ गेली. पकड झाली की माशांचा वाटा घरोघर पोचवतात आणि तो उंबऱ्यावर ठेवत नाहीत, थेट चुलीजवळ नेऊन ठेवतात. दरवर्षी मी स्वतः पाळीवर असते, घमेली उचलायला. मागे घरी काय होतं ते मी कधी पाहिलंच नव्हतं. आणि बाबांनी जाताना समोरचं दार सताड उघडं ठेवलं होतं. नंतर मी चिडले तेव्हा म्हणाले, 'वाट्याच्या दिवशी दार लावलं म्हंजे आमाले वाटा नाई पायजे म्हनून सांगन्यासारखं हाय. लावू कसं?' त्यांचंही खरंच आहे. आतल्या खोलीला कडी नाही, ते तुला माहीत आहे.

पेपर सोपा नव्हता, पण जमत होता. मी पुटपुटत वाचते, ती माझी शाळेपासूनची खोड. दूर कुठेतरी बसून कॅमेऱ्यातून माझ्यावर पहारा करणारा एक माणूस होता. तो मला पाहत होता, मला तो दिसत नव्हता. माझे ओठ हलताना पाहून तो बोलला, ओठ हलवू नका म्हणून, इंग्रजीत. त्याच वेळी चुलीजवळ घमेलं टेकल्याचा आवाज आला. मला वाटलं मांजर. मग दार ढकलून ती बाई आत आली, ओल्या लुगड्यानिशी, हाताला खवले चिकटलेले, आणि माझ्या खांद्यावरून लॅपटॉपपुढे वाकून बोलायला लागली. मी हात केला, मान हलवली, तोंडातून शब्द काढायची सोय नव्हती. तिचं बोलणं पुरतं व्हायच्या आत पडदा काळा झाला.

दुसऱ्या दिवशी मेल आली. परीक्षा रद्द. एक खुलासा मागवलाय आणि त्यात एकच खरा प्रश्न आहे: खोलीत आलेली व्यक्ती तुमच्या ओळखीची होती का? अनोळखी कोणी घुसलं असेल तर माझा दोष नाही, पुढच्याच महिन्यात पुन्हा तारीख. ओळखीची असेल तर मदतीला बोलावली असं धरणार आणि वर्षभर परीक्षेला बसता येणार नाही. म्हणजे यंदाची भरती गेली, आणि भरतीबरोबर आपलं ठरलेलं सगळं पुढे गेलं.

मी रडत रडत तुला फोन केला, कोणीतरी बाई आत आली एवढंच सांगितलं, आणि तू एका दमात उत्तर दिलंस. 'अगं, कोणीतरी वेडी बाई घुसली, ओळखत नाही, असं लिहून मोकळी हो. त्यांना काय कळणार आहे?' खरंच त्यांना काही कळणार नाही. तू कोण बाई म्हणून विचारलं नाहीस. मला सांगायचं होतं, पण तुला मीटिंग होती. मग मी ती मेल उघडायची, 'अनोळखी' वर बोट न्यायचं आणि मिटून टाकायची, असं करत राहिले. मला पुण्याला यायचं आहे, प्रफुल. तुझ्याजवळ यायचं आहे, हे मी लाजत नाही सांगायला. दुसऱ्या कोणाला अनोळखी लिहायचं असतं तर मी लिहून टाकलंही असतं कदाचित. मला नक्की सांगता येत नाही, माझं माझ्याविषयीच आता काही नक्की राहिलेलं नाही.

ती शकुबाई होती. तुझी आई. आमचा वाटा घेऊन आली होती. आतून पुरुषाचा आवाज ऐकला आणि तिला वाटलं, तू आहेस. ती वाकून जे बोलली ते जसंच्या तसं लिहिते: 'बापू, आवाज येऊन राह्यला तुहा, पण मले दिसून नाई राह्यला तू. जरा उजेडात ये ना.' आणि तेवढ्यात पडदा काळा झाला. काल मी 'ओळखीची आहे' असं लिहून पाठवून दिलं. आता वर्षभर थांबायचं, आणि तू थांबशील की नाही हे मी आत्ता विचारत नाही. पत्र त्यासाठी नाही. तिला वाटतं, तिने हाक मारली आणि तू फोन कापलास. मी तिच्या चुलीपाशी बसून किती सांगितलं की तो दुसराच माणूस होता, परीक्षेचा होता. तिचा विश्वास बसत नाही, तिला वाटतं मी तुझी बाजू घेते आहे. तू फोन करून तिला सांग. मी सांगत होते तेव्हा ती माझ्याच पाठीवरून हात फिरवत होती आणि म्हणत होती, 'असू दे वो पोरी. कामात असंन तो.'

अजूनही तुझीच,
उर्वशी